पाणी चाखील तो तळे राखील

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा उपरोधाने वापरतो. हाती कारभार आला की माणूस त्यातला थोडा लाभ स्वतःकडे वळविणारच, असा तिचा रूढ अर्थ. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला ती वारंवार ऐकावी लागते आणि हसून सोडूनही द्यावी लागते. परंतु उपरोध क्षणभर बाजूला ठेवून म्हणीतील शब्दांकडेच पाहिले, तर एक जुनी वस्तुस्थिती त्यांत साठवलेली दिसते. ज्या काळी ही म्हण जन्मास आली, त्या काळी तळे ही राखावयाची वस्तू होती आणि त्याचे पाणी चाखण्याजोगे होते. आज आपल्या शहरांतील किती तळ्यांचे पाणी खुद्द राखणदाराने तरी चाखावे?

हा बदल कसा घडला, याचा थोडा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निमित्त आपल्या शेजारचेच आहे. मयूर विहारात राहणाऱ्या मंडळींना तळे म्हटले की संजय सरोवर आठवते. त्रिलोकपुरी आणि मयूर विहाराचा दुसरा टप्पा यांच्या लगत दिल्ली विकास प्राधिकरणाने विकसित केलेले हे सरोवर. सकाळी फिरावयास जाणारे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी पाहावयास जाणारे आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जाणारे आपल्यापैकी अनेक जण असतील. यमुनेच्या पूर्वेकडील हा सारा मुलूख मुळात नदीच्या खादराचा, म्हणजे पुराच्या गाळाने बनलेल्या सखल भूमीचा. १९७५ ते १९७७ या काळात येथे त्रिलोकपुरी, कल्याणपुरी अशा पुनर्वसन वसाहती वसल्या. पाठोपाठ १९८० च्या दशकात मयूर विहार उभे राहिले. जेथे पाणी आपोआप साचावयाचे तेथे आपण राहावयास आलो, आणि पाण्यासाठी एक जागा राखून ठेवली. ती राखलेली जागा स्वच्छ ठेवणे हा प्रश्न मात्र दिल्लीला नवा नाही. तो निदान आठशे वर्षांचा आहे.

सुलतानांचे हौज

मेहरौलीचा हौज-ए-शम्सी सुलतान अल्तमशाने १२३० च्या सुमारास बांधविला. १३३४ साली दिल्लीत आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने त्याचे वर्णन केले आहे. पावसाच्या पाण्याने भरणारा हा विस्तीर्ण तलाव नगरवासीयांना पिण्याचे पाणी पुरवीत असे, आणि काठचे पाणी आटले की तेथे ऊस, काकड्या व खरबुजे लावीत, असे तो लिहितो. दुसरा प्रसिद्ध तलाव अल्लाउद्दीन खिलजीचा हौज-ए-अलाई. त्यालाच आज आपण हौज खास म्हणतो.

यानंतरची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १३५१ साली गादीवर आलेल्या फिरोजशहा तुघलकाने आपल्या कारकीर्दीचा वृत्तांत ‘फुतूहात-ए-फिरोजशाही’ या छोट्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. त्यात तो सांगतो की, शम्सी तलावाला पाणी आणणारे ओहोळ काही लोकांनी बुजवून टाकले होते. त्याने त्या लोकांना कडक शासन केले आणि ओहोळ पुन्हा मोकळे केले. हौज-ए-अलाई तर गाळाने पूर्ण भरला होता. लोक त्यात शेती करीत, विहिरी खणीत आणि त्या विहिरींचे पाणी विकीत. फिरोजशहाने तो उपसून पुन्हा भरविला आणि त्याच्या काठी मदरसा बांधला. पुढे स्वतःची कबरही त्याने तेथेच बांधविली.

तलावाचे आयुष्य त्याच्या भिंतींवर अवलंबून नसते, ते त्याच्याकडे येणाऱ्या ओहोळांवर असते, हे या वृत्तांतावरून ध्यानात येते. अतिक्रमण, अडविलेले प्रवाह, गाळ आणि पाण्याची विक्री ही आधुनिक काळाचीच अपत्ये आहेत, असा आपला समज असेल तर तोही यामुळे दूर व्हावा. फरक इतकाच की, चौदाव्या शतकात त्या पाण्यावर शहराची तहान भागत होती. म्हणून तलाव बुजला की दिल्लीश्वरालाही त्यात हात घालावा लागे.

आज्ञापत्र आणि कात्रज

आपल्याकडील परंपराही या बाबतीत मोठी डोळस आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गांचे प्रकरण सर्वपरिचित आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण युद्धप्रसंगी तोफांच्या आवाजाने झरा आटण्याची भीती असते. साठ्याचे पाणी वेगळे राखावे आणि त्याचे जतन करावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. त्याच प्रकरणात केरकचऱ्याचाही विचार आहे. गडावरील केर खाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, असे अमात्य सांगतात. पाण्याची राखण आणि केराची विल्हेवाट एकाच कारभाऱ्याच्या कक्षेत असावी, ही दृष्टी सव्वातीनशे नाही तरी तीनशे वर्षांपूर्वीची खास आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पुण्यासाठी कात्रजला तलाव बांधविले आणि तेथून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणले. त्यातील योजकता पाहण्यासारखी आहे. वरच्या तलावात पाण्यातील गाळ खाली बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरून मग नळाला लागे. आज आपण ज्याला गाळण्याची पहिली पायरी म्हणतो, ती येथे केवळ उताराच्या आधाराने साधली होती. पुण्याच्या पेठांतील हौद या पाण्यावर दीडशेहून अधिक वर्षे भरत होते. आणि आज? पुणे वाढत डोंगरापर्यंत गेले, भिलारेवाडी–गुजरवाडीच्या बाजूची वस्ती दाट झाली आणि तिचे सांडपाणी याच तलावांकडे उतरू लागले. शनिवारवाड्याला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या काठी आता नाकाला रुमाल लावण्याची पाळी येते.

तथापि, गतकाळाचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. जुन्या तळ्यांचे पाणी निर्मळ दिसे, पण ते निर्धोक असेच असे नव्हे. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याच्या रिवाजामुळे नारूचा रोग पिढ्यान् पिढ्या पसरत राहिला. रोग्याच्या पायातील जखमेतून जंताची पिले पाण्यात उतरत, तेथील सूक्ष्म पाणपिसवांच्या पोटात जात आणि तेच पाणी प्यायलेल्याच्या शरीरात वाढत. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त ठरविला. उघड्या तळ्याऐवजी झाकलेल्या नळाचे व हातपंपाचे पाणी आणि न जमल्यास गाळलेले पाणी, हा त्या यशाचा मोठा भाग होता. म्हणजे नळ आला हे उत्तमच झाले. परंतु नळाबरोबर एक गोष्ट नकळत घडली. तळे तहानेतून मोकळे झाले, आणि त्याचबरोबर आपल्या मनातूनही उतरले.

कोल्हापूरची कहाणी

याचा सर्वांत बोलका दाखला कोल्हापूरचा आहे. करवीरनगरी ही एके काळी तळ्यांची नगरी होती. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, कोटीतीर्थ आणि सर्वांत विस्तीर्ण रंकाळा, अशी ती मालिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळंब्याच्या तलावाचे पाणी शहरात खेळू लागले आणि गावातील तळ्यांची गरज ओसरली. गरज ओसरली तशी ती बुजू लागली. आज वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर मंडई भरते, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे आहे. कोल्हापूरच्या वाचकांना ही नावे ठाऊक असतील, पण त्या नावांमागचे पाणी नव्या पिढीतील कितीकांना ठाऊक असेल?

रंकाळा बुजला नाही, कारण तो फार मोठा होता आणि फार लाडका होता. मुळात ही दगडाची खाण, आठव्या-नवव्या शतकात झालेल्या भूकंपाने तिला भेग पडून पाणी उसळले, अशी परंपरागत समजूत आहे. पाणी उतरले की वर येणारा संध्यामठ, काठावरचा १९३० च्या दशकातील शालिनी पॅलेस, पद्माराजे उद्यान आणि संध्याकाळची चौपाटी यांमुळे रंकाळा हा कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय. परंतु अभिमानाने पाणी स्वच्छ राहत नाही. तलावाच्या भोवती वसाहती वाढल्या. शाम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक वसाहत या बाजूंचे नाले पावसाबरोबर घरांचे सांडपाणीही तलावात आणू लागले. कपडे व जनावरे धुणे, मूर्ती व निर्माल्य सोडणे हे त्यात भर घालीत राहिले. प्रथम केंदाळाने तलाव झाकला. केंदाळ काढले तर पाण्यावर हिरवी साय धरू लागली, तिचा दर्प काठच्या घरांत शिरू लागला आणि मासे मरून तरंगू लागले.

लोकांनी काही केले नाही असे नव्हे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, सांडपाणी वळविण्याची कामे झाली, अभ्यासकांनी व नागरिकांनी पाठपुरावा केला, न्यायाची दारेही ठोठावली. कोल्हापूरकरांचे विशेष अभिनंदन करावयास हवे ते गणेशमूर्तींच्या बाबतीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालविलेल्या मूर्तिदानाच्या मोहिमेला आरंभी विरोध झाला, परंतु कोल्हापुरात तिला मोठा प्रतिसाद मिळाला. पुढे विसर्जनासाठी रंकाळ्याशेजारची इराणी खण ही स्वतंत्र जागा मुक्रर झाली आणि आता मोठ्या संख्येने मूर्ती तेथे जातात. श्रद्धेला धक्का न लावता पाणी वाचविता येते, हे त्या शहराने करून दाखविले. घरांतून येणारे नाले हे मात्र अधिक कठीण दुखणे ठरले. वर्षातून एक दिवस येणाऱ्या गणपतीला वळविता येते. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस न्हाणीघरांतून येणाऱ्या पाण्याला वळविण्यास पैसा, जमीन आणि सातत्य लागते.

मुंबईच्या पवई तलावाची गत हीच. पाणीटंचाईवर उपाय म्हणून १८९१ साली महापालिकेने तो बांधला. परंतु थोड्याच काळात त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरून तो पुरवठ्यातून बाहेर पडला. त्यानंतर त्याला कोणी मोलाने विचारीना. काठावर आधी शिक्षणसंस्था व कारखाने आले, मग उंच इमारती आल्या आणि सांडपाण्यावर जलपर्णी माजली. २०२२ साली तलावाच्या काठाने नियोजित असलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून भराव काढण्यास सांगितले. पिण्याचे पाणी म्हणून ज्याचे रक्षण झाले नाही, त्याचे पाणथळ म्हणून रक्षण करण्याची वेळ न्यायालयावर आली.

पाणी का बिघडते

येथे थोडे शास्त्र पाहणे इष्ट आहे, कारण ‘घाण’ हा शब्द फार ढोबळ आहे. घरगुती सांडपाण्यात तीन प्रकारचे उपद्रव असतात. पहिला रोगजंतूंचा. दुसरा सडणाऱ्या पदार्थांचा: ते कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. स्नानास योग्य पाण्यात दर लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि सडणाऱ्या पदार्थांची प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत असावी, असे आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मान आहे. तिसरा उपद्रव दिसत नाही, पण तळ्याच्या बाबतीत तोच सर्वांत चिवट. तो म्हणजे नत्र व स्फुरद ही खते. मलमूत्रात ती असतात, धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटमध्ये असतात, बागेतील खतात असतात. ढोबळ हिशेबाने एक ग्रॅम स्फुरदावर शंभरएक ग्रॅम कोरडे भरेल इतके शेवाळ पोसले जाते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो ओढून घेते. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते आणि त्यातील स्फुरद पुन्हा वर येते. नदीतील घाण निदान पुढे वाहून जाते. तळे मात्र दिलेले सर्व जमाखर्चाच्या वहीप्रमाणे जपून ठेवते.

यावरून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघते. सांडपाणी साध्या रीतीने शुद्ध केले म्हणजे रोगजंतू व सडके पदार्थ बरेच कमी होतात, परंतु विरघळलेले खत पुष्कळसे तसेच राहते. हा धडा अमेरिकेतील सिॲटल नगराने घेतला. आपली कितीतरी मराठी कुटुंबे आज त्या नगरात व आसपास स्थायिक आहेत, म्हणून तो सांगण्याजोगा. तेथील वॉशिंग्टन सरोवराकाठच्या गावांनी सांडपाणी शुद्ध करून सरोवरात सोडण्यास आरंभ केला होता. १९५५ साली प्राध्यापक एडमंडसन व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे एक विशिष्ट शेवाळ आढळले. युरोपातील बिघडलेल्या सरोवरांत हेच शेवाळ अगोदर दिसले होते, म्हणून पुढचे अनर्थ त्यांनी वेळीच ओळखले आणि लोकांना समजावून सांगितले. सांडपाण्यासाठी सर्व गावांची मिळून एक संस्था असावी, हा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानात पडला. सप्टेंबरात सुधारून पुन्हा मांडला तेव्हा मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले. ज्या पाण्यात एक मीटर खोलीवरचेही दिसेनासे झाले होते, ते १९७० च्या दशकात अनेक मीटरपर्यंत नितळ झाले. बिघडलेले तळे सुधारते, पण ते नाल्याचे तोंड बंद केल्यावर. नुसते शेवाळ काढल्याने ते सुधारत नाही.

मनोरंजनाचा भार

वसतीइतका नसला तरी विहाराचाही भार तळ्यावर पडतो. कॅलिफोर्निया–नेवाडाच्या सीमेवरील ताहो सरोवरात जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या नौकांना १९९९ पासून मज्जाव झाला, कारण अशी इंजिने न जळलेल्या तेलाचा मोठा हिस्सा थेट पाण्यात सोडतात. आपल्याकडे भोपाळचा भोजताल हा अकराव्या शतकातील तलाव २००२ साली रामसर यादीत आला. शहराच्या मोठ्या भागाला पाणी पुरविणाऱ्या या तलावावरील क्रूझ व मोटारबोटी बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ साली दिला. वल्ह्याच्या होडीने कोणाचा आनंद कमी होतो असे नाही.

आपल्या राजधानी परिसरातील बडखल व सूरजकुंड यांचा इतिहास तर विशेष ध्यानात ठेवावा असा. सूरजकुंड दहाव्या शतकातील तोमर राजांचे. बडखलचा जलाशय विसाव्या शतकातील. दोन्ही ठिकाणी सहलीसाठी झुंबड उडे. त्यांच्या भोवतालची बांधकामे वाढू लागली तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एक किलोमीटरच्या परिसरात हरितपट्टा राखावा व बांधकामास आळा घालावा, असा निर्णय दिला. धोका पूर्ण सिद्ध होण्याची वाट न पाहता खबरदारी घ्यावी, हे तत्त्व त्यात होते. निर्णय मोलाचा होता, परंतु अरवलीतील खाणींनी पाण्याच्या वाटाच तोडल्या होत्या. नव्या शतकाच्या आरंभी बडखल कोरडा पडला. फिरोजशहाने सहाशे वर्षांपूर्वी जे सांगून ठेवले होते तेच पुन्हा खरे ठरले: काठ राखला तरी ओहोळ राखल्याशिवाय तळे राहत नाही.

कायदे आहेत

तळे राखण्यासाठी कायदे नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. सार्वजनिक जलाशयाचे पाणी बुद्ध्या दूषित करणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २७७ खाली गुन्हा होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तोच गुन्हा कलम २७९ मध्ये आहे आणि शिक्षा सहा महिने व पाच हजार रुपयांपर्यंत वाढली आहे. जलप्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी पाऊल टाकले: राज्याचा कायदा १९६९ चा, राज्याचे मंडळ १९७० चे, संसदेचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. १९८२ साली भारत रामसर करारात सामील झाला. २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आली. तीत पवई, ठाण्याची तळी, सोलापूरचे सिद्धेश्वर तळे यांचा समावेश झाला. २०१३ साली ती पाणथळांच्या योजनेत विलीन झाली. पाणथळांचे नियम प्रथम २०१० चे, सुधारून २०१७ चे. त्यांत घन कचरा व प्रक्रिया न केलेले सांडपाणी टाकण्यास मनाई आहे.

मात्र २०१७ च्या नियमांतील व्याख्येकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी अथवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे शहरी माणसाचा ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो, अशी अनेक तळी या छत्राखाली येतच नाहीत. त्यांच्यासाठी सामान्य कायदा, स्थानिक संस्था आणि काठचे लोक इतकेच रक्षक उरतात. कार्यालयात फायली हाताळणाऱ्या कोणासही ठाऊक असते की, ज्या कागदाचा पाठपुरावा करणारा कोणी बाहेर उभा नसतो तो कागद खाली जातो. तळ्याचेही तसेच आहे.

आपल्या मंडळापुरते

आता प्रश्न आपला. आपण मराठी माणसे परप्रांतात आलो ती उत्सव बरोबर घेऊन. लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याने दिल्लीतील मराठी कुटुंबांना पन्नास-पन्नास वर्षे एकत्र ठेवले आहे. म्हणूनच विसर्जनाचा प्रश्न आपण टाळता कामा नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२० साली त्या सुधारल्या; प्लॅस्टर ऑफ पॅरिसऐवजी माती, विषारी रंगांऐवजी नैसर्गिक रंग आणि स्वतंत्र कुंड असा त्यांचा रोख आहे. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाने गंगा व तिच्या उपनद्यांत विसर्जन थांबविण्याचे निर्देश दिले आणि उल्लंघनास ५०,००० रुपये दंड सुचविला. यमुना ही त्या उपनद्यांतलीच. त्यामुळे दिल्लीत कृत्रिम कुंडांची प्रथा आली. पार्थिव मूर्ती म्हणजे पृथ्वीची, मातीची मूर्ती. जी विरघळतच नाही ती मूर्ती विसर्जित झाली असे शास्त्रानेही कसे म्हणावे?

मातीची मूर्ती हेही पूर्ण उत्तर नव्हे. हजारो शाडूच्या मूर्ती एका लहान तळ्यात सोडल्या तर गाळच वाढेल. घरच्या मूर्तीचे बादलीत वा मंडळाच्या कुंडात विसर्जन करून तीच माती पुढील वर्षी पुन्हा मूर्तिकाराच्या हाती देणे, हे अधिक सुज्ञपणाचे. निर्माल्याचे खत होते. आज्ञापत्रातील परसाची जागा आता सोसायटीच्या बागेने घ्यावी.

परंतु येथेच थांबलो तर आपण वर्षातील एक दिवस सुधारला आणि उरलेले दिवस विसरलो, असे होईल. आपल्या इमारतीची पावसाळी नाली आणि मैल्याची नाली वेगवेगळ्या आहेत की कोठे एकमेकींत मिसळतात, हे सोसायटीच्या सभेत विचारावे. पावसाळी नाली जेथे उतरते तेथे मोटारी धुतलेले साबणाचे पाणी, रंगकामाची घाण, बागेतील अतिरिक्त खत जाऊ देऊ नये. बदकांना पाव आणि माशांना कणकेचे गोळे टाकणे हे पुण्य नव्हे. तेही पाण्यात सडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद ठेवावी. सिॲटलचे सरोवर वाचले ते कोणीतरी वर्षानुवर्षे पाण्यात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हे लिहून ठेवीत होते म्हणून. आपल्या मंडळात निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत, विज्ञान शिकणारी मुले आहेत. महिन्यातून एकदा संजय सरोवरावर जाऊन पाण्याची पातळी, रंग, वास, नाल्याचे तोंड, पक्षी व मेलेले मासे यांची नोंद एका वहीत करणे कठीण नाही. वर्षभराची अशी वही घेऊन गेलेल्या नागरिकाला कोणताही अधिकारी सहज परत पाठवू शकत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

कोल्हापूरचे वरुणतीर्थ एका दिवसात मैदान झाले नाही. आधी लोकांनी त्याचे पाणी पिणे सोडले, मग त्याकडे पाहणे सोडले आणि अखेर ते बुजले तेव्हा फारसे कोणाला वाईटही वाटले नाही. संजय सरोवराचे पाणी आपण पिणार नाही, आणि पिऊही नये. परंतु त्याची हवा आपण घेतो, त्याच्या काठी आपली नातवंडे खेळतात, त्याच्यातून मुरणारे पाणी आपल्या पायाखालच्या भूमीत जाते. हेही एक प्रकारचे चाखणेच होय. पाणी चाखणाऱ्यांनी तळे राखावे, एवढाच या सुवर्णमहोत्सवी वर्षात म्हणीचा नवा अर्थ आपण घेतला, तरी पुष्कळ झाले.